आबांच्या फोटोमागची हवा

आमच्या घराची अब्रू एकदा हवेवर टिकून होती. हे वाक्य वाचून कुणी गंभीर झालं असेल तर त्याने जरा थांबावं. ही हवा म्हणजे लोकमताची हवा नव्हे आणि नशिबाची तर नव्हेच. ही एका मोटारीच्या एअर फिल्टरच्या डब्यातली हवा. ती मी दूध डेअरीच्या थर्मामीटरने स्वतः मोजली आहे आणि एप्रिलातल्या एका दुपारी ती एकोणसत्तर अंश भरली होती. एखाद्या घराच्या अब्रूचं याहून भक्कम मोजमाप कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

आम्ही शेळगावच्या फाट्यावर राहायचो. इंदापूरहून बारामतीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला अण्णांची पत्र्याची शेड आणि शेडच्या पाठीला पाठ लावून आमच्या तीन खोल्या. अण्णा म्हणजे माझे वडील, गावाचे नामूमिस्त्री. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली, अण्णांनी ट्रॅक्टर राखले. दोन्ही धंद्यांना कान लागतो, असं ते म्हणायचे. आजोबा म्हणे घोंगडं पांघरून पाठमोरे बसलेले असले तरी कळपात कोण खोकलं ते सांगायचे. अण्णा लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "तिसरं धापा टाकतंय." मग तिसरं सिलिंडर खोलायचं, आणि ते खरोखरच धापा टाकत असायचं. कऱ्हाटीचे एक तात्या वाटेतल्या सगळ्या मिस्त्र्यांना ओलांडून आमच्याकडे ट्रॅक्टर आणायचे, ते केवळ या कानासाठी. आल्यावर बाकावर बसून ते एकच वाक्य म्हणायचे, "नामू, बग रं ह्येला काय म्हणायचंय."

आमच्या घराला पहाटे जाग यायची ती स्टार्टरच्या कुरकुरण्याने. त्यामागोमाग आईची चूल, तिच्यावर हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. त्या चटणीला डिझेलचा बारीक वास येतो असं माझ्या मैत्रिणी म्हणायच्या. मला तो कधी आला नाही. आता शहरातल्या घरात चटणी करते तेव्हा तिच्यात काहीतरी कमी आहे असं दर वेळी वाटतं, आणि काय कमी आहे ते मी कुणाला सांगत नाही. अण्णा जेवायला येण्याआधी हात डिझेलने धुवायचे, मग राखेने, मग साबणाने. तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. त्या काळ्या कडा म्हणजे घरात सगळं ठीक चाललं असल्याची खूण होती. तेव्हा ते कळत नव्हतं. त्या गेल्या तेव्हा कळलं.

आई गावच्या दूध डेअरीवर होती. सकाळ-संध्याकाळ माप घ्यायचं, फॅट बघायचं, दुधात थर्मामीटर बुडवून आकडा लिहायचा. थर्मामीटर ती कापडाच्या पिशवीत घालून कमरेला खोचायची. शाळा तिची चौथीपर्यंतच झालेली, पण उष्णतेबद्दल तिची मतं ठाम होती. तापलेलं गार करत बसण्यापेक्षा मुळात तापू द्यायचं नाही, हे त्यातलं पहिलं. मी मात्र इंदापूरच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होते आणि नेमकी उष्णतेच्याच पेपरात नापास झाले होते. ज्या तालुक्यात मार्चपासून जूनपर्यंत उष्णतेखेरीज बोलायला दुसरा विषय नसतो तिथे त्याच विषयात नापास होण्यासाठी काहीएक प्रतिभा लागते. आई म्हणाली होती, "पुन्यांदा दे की. उन्हाळा काय एकदाच येतो व्हय?"

त्या वर्षी लासुर्ण्याच्या जयदीपरावांनी स्पोर्ट्स कार आणली. जयदीपराव तेव्हा सत्तावीस वर्षांचे असतील, पण त्यांच्या घरात मुलगा मिसरूड फुटलं की 'राव' होतो. उसाचं मोठं बागायतदार घर. मोटार परदेशी बनावटीची, लाल, दोन दारांची, मुंबईत कुणीतरी वापरून सोडलेली. ती इतकी बुटकी होती की शेजारी उभं राहिलं तर टपावर कोपर टेकता यायचं, आणि शेळगावातल्या प्रत्येकाने ते टेकून पाहिलं. लासुर्ण्यात तिचा समारंभ ठरला होता. त्याच्या दोन दिवस आधी ती आमच्या शेडपुढे आली, कारण ऊसवाहतुकीच्या रस्त्याची धूळ खाऊन तिचा फिल्टर चोंदला होता आणि जयदीपरावांना पुण्याहून कंपनीचा माणूस बोलवायला वेळ नव्हता.

अण्णांचा तो चेहरा मला आठवतो. एरवी ते काम झाल्यावर हात धुवायचे, त्या दिवशी आधी धुतले. बॉनेट उघडल्यावर बराच वेळ नुसते बघत राहिले. डब्याच्या चार क्लिपा सोडवल्या, फिल्टर काढून हवेने उडवला, परत बसवला, चार क्लिपा लावल्या. मग इंजिन चालू करायला सांगितलं. पेचकस कानाला लावला आणि डोळे मिटले. किती तरी वेळ उघडलेच नाहीत. शेवटी म्हणाले, "कुणीच खोकत न्हाय." अण्णांकडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

समारंभाला आम्ही तिघंही गेलो. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मांडव होता, जयदीपरावांचे चार आकारांतले फ्लेक्स होते, माईक होता आणि माईकवर बोलायला माणसं होती. एका वक्त्याने मोटारीला तालुक्याची भरारी म्हटलं. दुसऱ्याने तरुणांनी तिचा आदर्श घ्यावा असं सांगितलं. तो नेमका कसा घ्यायचा हे त्याने सांगितलं नाही. मग जयदीपराव स्वतः उठले. त्यांचे आजोबा, सगळे ज्यांना आबा म्हणायचे, दोन वर्षांपूर्वी वारले होते. "आमच्या आबांचं वेगावर लई प्रेम," जयदीपराव म्हणाले, आणि त्यांनी खरोखर डोळे पुसले. "आबा आयुष्यभर फुडं बगून चालले. म्हणून म्या आज आबांच्या साक्षीनं शपथ घेतो. ही गाडी चालंल तवा आबा फुडं आन् म्या मागं. आबांशिवाय ही गाडी एक पाऊल हलणार न्हाय." टाळ्या पडल्या. अण्णांनी तरुणपणी आबांचा ट्रॅक्टर चालवला होता. वेगावरच्या प्रेमाचं वाक्य आलं तेव्हा ते बारीक खाकरले आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांनाही भरून आलं असावं.

मग आबांचा फोटो आणला. चांगला अडीच फुटी, सागवानी चौकट, पाठीला प्लायवूड, भरदार मिशा. तो मोटारीच्या तोंडाशी, पुढच्या जाळीवर उभा करून तारेने आवळला. त्यावर झेंडूचा हार, हारावर गुलाबाचा हार. लिंबू-मिरची खाली अडकवली. पुढून पाहिलं तर मोटार दिसायची नाही, आबा दिसायचे आणि त्यांना दोन दिवे फुटलेले दिसायचे. मिरवणूक निघाली. ऊन डोक्यावर, हलगी पुढे, मोटार माणसाच्या चालीने मागे. तासाभराने ती गावाबाहेर आली. तिथला रस्ता सरळ आहे. जयदीपरावांनी मिरवणुकीबरोबरच्या जीपमधल्या माईकवरून सगळ्यांना कडेला व्हायला सांगितलं, आत बसले आणि पाय दाबला.

गाडी पळाली नाही. आवाज मोठा झाला, मग बसला. थोडी ओढली, मग दम लागल्यासारखी थांबत थांबत गेली. तेवढ्यात मागून आईच्या डेअरीचा दुधाचा टेम्पो आला. त्याला समारंभाचं काही नव्हतं, त्याला दूध पोचवायचं होतं. त्याने दोनदा हॉर्न दिला आणि आबांना ओलांडून निघून गेला.

लोक हसले. हसू फार मोठं नव्हतं, पण लासुर्ण्यात जयदीपरावांच्या घराला उघड हसण्याची पद्धत नव्हती. ते परत आले, घामाने निथळत होते. त्यांच्या हातात कुणीतरी माईक दिला. त्या क्षणी तो दिला नसता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला अजून वाटतं. माणूस मनात काहीही बोलतो, माईक हातात आला की ते वक्तव्य होतं. "परवापत्तुर गाडी वाघ हुती," जयदीपराव म्हणाले. "शेळगावच्या मिस्त्रीनं हात लावला आन् गाडीची जान गेली." जीपवरच्या कर्ण्यांची तोंडं चारी दिशांना होती. चारी दिशांना ते गेलं.

अण्णा गर्दीत उभे होते. घरी आल्यावर त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला नीट अडकवला, जेवले आणि हात धुताना म्हणाले, "चार क्लिपा हुत्या. चारच लावल्या म्या." आई म्हणाली, "व्हय." दुसऱ्या दिवशी जयदीपरावांनी मोटार आमच्या शेडपुढे आणून उभी केली, आबांसकट, रस्त्याकडे तोंड करून. "जे बिगाडलंय ते नीट करा मिस्त्री. तवर हितंच ऱ्हाईल."

तिथून पुढचे तीन आठवडे आमच्या घरात आवाज नव्हता. अण्णांनी पान्यांची पेटी बंद करून बाजेखाली सारली. मोटारीला हात लावेनात, ट्रॅक्टरलाही लावेनात. कुणी आलंच तर म्हणायचे, "दुसरीकडं दाखवा, माजा कान गेलाय." येणारेही कमी झाले. इंदापूर-बारामती रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती लाल मोटार दिसायची आणि ती का उभी आहे हे ठाऊक असायचं. गुन्हा लिहिलेला फलकही इतकं काम करत नाही. एका सकाळी कऱ्हाटीच्या तात्यांचा ट्रॅक्टर आला. आवाजावरून मी ओळखला. फाट्याशी तो हळू झाला. मग गिअर बदलला आणि पुढे निघून गेला. अण्णा बाकावर बसलेले होते. आवाज पूर्ण विरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग एवढंच म्हणाले, "पयल्यातलं खोकतंय."

दुपारी जेवताना मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखं स्वच्छ झाली होती. गुलाबी, एखाद्या कारकुनाची असावीत तशी. आईनेही पाहिलं.

दरम्यान पुण्याचा माणूस येऊन गेला होता. त्याने लॅपटॉप जोडला, तासभर बसला, गाडी पळवून पाहिली आणि सांगितलं की काहीही दोष नाही, उत्तम पळते. तो गेल्यावर जयदीपरावांनी चालवली तर पुन्हा दम लागला. यावरून दोन मतप्रवाह झाले. एक म्हणजे मिस्त्रीचा हात वाईट. दुसरा म्हणजे मिस्त्रीचा हात लागल्यामुळे आबा कोपले आहेत. दोन्हीत मिस्त्री समान होता. कुणीतरी मोटारीवरून नारळही उतरवून टाकला. अण्णा मात्र तिसऱ्याच मताचे होते, आणि ते सगळ्यांत वाईट. त्यांना खरंच वाटत होतं की आपल्याकडून काहीतरी राहिलं. सकाळी उठल्यावर, जेवताना, बाजेवर पडल्या पडल्या ते बोटं मोडत पुटपुटायचे. एक क्लिप, दोन, तीन, चार.

एका दुपारी आई डेअरीवरून आली, मोटारीपुढे थांबली आणि पदराने घाम पुसत तिच्याकडे पाहू लागली. मी दारातच होते. "शैले," ती म्हणाली, "ह्येला नाक कुठं हाय गं?"

"काय?"

"इंजान हाय म्हंजी दम घेत आसंल. कुठनं घेतंय?"

मी पुस्तकातलं सांगायला लागले. इंजिनाला हवा लागते, हवा जितकी गार तितकी दाट, दाट हवेत इंधन नीट जळतं, म्हणून ताकद येते. हवा तापली की विरळ होते, आणि अशा नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, तो आत गरम हवा आली की इंजिनाला जपण्यासाठी त्याचा जोर कमी करतो. हे सगळं मला येत होतं. परीक्षेत का आलं नाही ते परीक्षकांना ठाऊक. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते समदं खरं. पर नाक कुठं हाय?"

मी वाकले. बॉनेटच्या फटीतून, मग चाकाच्या बाजूने पाहिलं. फिल्टरच्या डब्यातून निघालेला नळ पुढे येत होता, जाळीपर्यंत. त्याचं तोंड जाळीच्या मागे नेमकं उजवीकडे होतं आणि त्याच्यापुढे प्लायवूड होतं. प्लायवूडच्या पलीकडे आबांची छाती.

"डेरीवर चेरमनच्या वाडदिसाचा बोर्ड कूलरच्या जाळीवर लावला हुता तवा दूध आंबलं का न्हाय?" आई म्हणाली. "म्याच काडला. कुणाला सांगितलं न्हाय."

मग बाकीचं आपोआप उलगडलं. पुण्याच्या माणसाने बॉनेट उघडलं होतं, आणि फोटो काढल्याशिवाय बॉनेट उघडत नव्हतं. फोटो काढायचा मान जयदीपरावांचा. तार सोडवून, दोन्ही हातांनी उचलून, खुर्चीवर टॉवेल अंथरून त्यावर ठेवायचा. पुण्याच्या माणसाला शपथ माहीत नव्हती, त्याने आबा खुर्चीवर असतानाच गाडी पळवली. ती पळणारच होती. तपासणी झाली की आबा परत जाळीवर. समोरून वारा बंद झाला की नळ बॉनेटखालची, रेडिएटर आणि इंजिनाभोवती शिजलेली हवा ओढायचा. ज्या दिवशी अण्णांचा हात लागला त्यानंतर दोनच दिवसांनी आबा चढले होते. मधल्या दिवसांत गाडी कुणी ताणून पाहिलीच नव्हती.

पण हे म्हणायचं कसं? लासुर्ण्याच्या आबांमुळे गाडीचा श्वास कोंडतो, हे वाक्य शेळगावच्या मिस्त्रीच्या नापास मुलीने उच्चारायचं होतं. मी आईला म्हटलं, "आधी मोजू." आईने कमरेची पिशवी काढून थर्मामीटर माझ्या हातात ठेवला. "संध्याकाळच्या मापाआदी परत पायजे."

जयदीपराव त्या दिवशी आलेच. दर चार-पाच दिवसांनी यायचे, बाकावरच्या अण्णांना विचारायचे, "काय मिस्त्री, उतरला का आबांचा राग?" मी पुढे होऊन म्हणाले, "जयदीपराव, एकदा गाडी कालव्यापर्यंत नेऊन आणता का? आबा आहेत तिथेच राहू देत. मला डब्यात हे ठेवायचंय."

"ह्ये काय? दुदाचं?"

"हो."

"गाडीला ताप आलाय व्हय?" ते हसले, पण तार सोडवली. मी बॉनेट उघडलं, चार क्लिपा काढल्या, थर्मामीटर डब्यात सुतळीने बांधला, चारही लावल्या, आबा परत जाळीवर. ते गेले आणि वीसेक मिनिटांनी आले. आबा उतरवून डबा उघडेपर्यंत दोन मिनिटं गेली, म्हणजे पारा थोडा उतरलाही असेल. एकोणसत्तर. शेडच्या सावलीत एकेचाळीस होतं.

मी नळाचं तोंड दाखवलं, जाळी दाखवली, प्लायवूड दाखवलं. जयदीपराव समजून चुकले. ते मूर्ख नव्हते. फक्त त्यांनी शपथ घेतली होती. "आबांना काडू म्हंती?" ते हळू म्हणाले. "पाच गावांच्या म्होरं बोललोय म्या. आबा फुडं, म्या मागं. न्हाय जमणार पोरी. गाडी इकीन, पर आबा हलणार न्हाईत." आणि बाकाकडे न बघता पुढे म्हणाले, "आन् हवेचं काय, हवा समद्यांच्या म्होरं सांगता येती व्हय? लोकं मिस्त्रीचंच नाव घेणार."

म्हणजे मला कारण सापडलं होतं आणि त्याचा उपयोग नव्हता. फोटो जागचा हलल्याशिवाय गाडी पळणार नव्हती, गाडी पळाल्याशिवाय अण्णा उठणार नव्हते. विज्ञान सिद्ध झालं की जग बदलतं असं त्यापूर्वी मी समजत होते. तो समज मी त्या दुपारी शेडपुढे सोडला, तो परत घ्यायला गेले नाही.

आई तोपर्यंत खुर्चीजवळ गेली होती. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि फोटोची काच पुसायला लागली. "जयदीपराव," ती म्हणाली, "हिकडं या जरा. ह्ये बगा." काचेवर मिरवणुकीपासूनची धूळ होती. त्या धुळीत चिलटं चिकटली होती, फुलपाखरं चिरडली होती, एक मोठा नाकतोडा नेमका आबांच्या मिशीवर पसरला होता. झेंडू सुकून काळा झाला होता. "आबा माज्या सासऱ्याला घोंगडं देऊन गेल्यात थंडीत. मोटा माणूस. त्येंना तुमी बंपरला बांदलंय. वाटंवरचं समदं आबांच्या तोंडावर. तुमी काचंच्या आत, गार हवेत. बरं दिसतं व्हय?"

जयदीपरावांनी वाकून स्वतः नखाने नाकतोडा खरवडला.

"शपथ काय हाय?" आई म्हणाली. "आबा फुडं. मग फुडच्या शिटावर बसवा की. मालक ड्रायव्हरच्या शेजारीच बसतो."

"म्या मागं म्हणालो हुतो."

"तुमी मनानं मागं ऱ्हावा."

मी आजवर बरीच भाषणं ऐकली. मुद्दा इतक्या थोडक्यात पटवून दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आबा पुढच्या सीटवर बसले. थर्मामीटर डब्यात, चार क्लिपा. गाडी फाट्यावरून निघाली तेव्हाच आवाज वेगळा होता. तो एका सुरात वर चढत गेला, कालव्याच्या वळणापर्यंत कुठेही तुटला नाही. मी बाकाकडे पाहिलं. अण्णांनी डोळे मिटले होते. त्या वेळी दुधाचा टेम्पो रस्त्यावर नव्हता, ही खंत जयदीपरावांना पुढे कित्येक महिने होती.

गाडी परत आल्यावर डबा उघडून मी मोठ्याने वाचलं, "पन्नास."

मागून आवाज आला, "बाहीर किती हाय?"

तीन आठवड्यांत अण्णांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी वळले नाही, वळले तर ते थांबतील असं वाटलं. "एकेचाळीस," मी म्हटलं.

"मग वरचं नऊ कुठनं आलं?"

ते उठले. मोटारीशी आले. आधी डब्याकडे गेले. एक क्लिप अंगठ्याने दाबून पाहिली, दुसरी, तिसरी, चौथी. चारही घट्ट होत्या. चौथीवर त्यांचा अंगठा बराच वेळ राहिला. मग त्यांनी नळावरून हात फिरवत नेला आणि एका जागी झटकन मागे घेतला. "हितं बग. सायलेन्सरचा गरम भाग नळाच्या बगलंलाच हाय. गार वारा आला तरी जाताना भाजून जातोय. आड लागंल. शैले, पेटी काड."

पेटी बाजेखालून ओढताना तिचा जो खरखराट झाला तो आमच्या घरातला मला सगळ्यांत आवडलेला आवाज आहे. अण्णांनी तेलाचा रिकामा डबा उभा चिरला, पत्रा सरळ केला, कडा ठोकून दुमडल्या. मी तो नळाला टेकवायला गेले तर हातावर चापट मारली. "चिटकवायचा न्हाय. बोटभर फट पायजे. फटीतनं वारा ग्येला पायजे, न्हायतर पत्राच तापंल आन् पत्राच भाजंल." हे वाक्य मी पुढे थर्मलच्या पेपरात जवळजवळ जसंच्या तसं लिहिलं, फक्त 'न्हायतर'चं 'अन्यथा' केलं. पास झाले. नंतरची वीस वर्षं मी मोटारींचे हवेचे नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली, आणि माझ्या माहितीत त्या विषयातलं त्याहून महत्त्वाचं वाक्य कुणी बोललेलं नाही.

पत्रा बसवून जयदीपरावांनी पुन्हा एक फेरी मारली तेव्हा पारा पंचेचाळीसवर आला. "अजून चार आहेत," मी म्हटलं. अण्णा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. ते उन्हाचं हायती." त्यांची नखं काळी झाली होती. आई थर्मामीटर धुऊन पिशवीत घालत होती. तिने अण्णांच्या हातांकडे एकदा पाहिलं आणि डेअरीला निघून गेली. रस्त्यात तिने पदराने तोंड पुसलं. तिथे ऊनही होतंच.

जयदीपराव मोटारीपाशी अवघडून उभे होते. "मिस्त्री," ते म्हणाले, "चूक झाली म्हणा. लासुर्ण्यात तुमचा सत्कार घेतो. मांडव घालतो. शाल, नारळ. ज्या माईकवर बोललो त्याच माईकवर सांगतो समद्यांना."

"माईक नगं," अण्णा म्हणाले. "कऱ्हाटीच्या तात्याला सांगा फकस्त. आन् त्येला म्हणावं पयलं शिलिंडर बगून घे."

मग ते शेजारच्या दाराने आत वाकले. आबा सीटवर घसरून तिरपे झाले होते. अण्णांनी चौकट सरळ केली, आडवा पट्टा छातीवरून ओढून खटक्यात बसवला, दोनदा ओढून पाहिला. हातरुमालाने काचेवरचा स्वतःचा तेलकट ठसा पुसला. मग खिडकीची काच चार बोटं खाली घेतली.

"ती कशाला उगडली?" जयदीपरावांनी विचारलं. "आत एशी हाय."

"असू द्या उगडी. आन् फुडंच बसवत जावा, मागं नगा नेऊ कवा," अण्णा म्हणाले. "आबांना गाडी लागायची. ट्रॅक्टरवरनं उतरून दर मैलाला वकायचे."